नदी मोजणारी माणसं

भर मे महिन्यातही रायगड जिल्ह्यातल्या आपट्याच्या काठाने पाताळगंगा वाहत असते. कोकणातल्या नदीला हे शोभणारं नाही. इथल्या नद्यांचा रिवाज ठरलेला: जुलैत अंगावर यायचं, दिवाळीपर्यंत निवळायचं आणि होळी झाली की दोनचार कोंडींत उरलेल्या पाण्यावर पाऊस येईतो दिवस काढायचे. पाताळगंगेला हे लागू पडत नाही, कारण तिचं उन्हाळ्यातलं पाणी मुळात घाटावरचं आहे. लोणावळा, वळवण, शिरवता इथे टाटांनी पाणी अडवलं, ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात सोडलं आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. जनित्रं फिरवून झाली की पाणी पाताळगंगेत. इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचं ते पाणी शंभराहून जास्त वर्षं आपट्यावरून धरमतरच्या खाडीकडे चाललं आहे.

बारमाही पाणी दिसल्यावर कारखाने येणारच. १९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिच्याभोवती रसायनी वसली. पुढे पाताळगंगेची औद्योगिक वसाहत आली, पॉलिएस्टरचे धागे निघू लागले. १९८९च्या जुलैत एका रात्रीत नदीने आपलं पात्र किती रुंद आहे याची सगळ्यांना आठवण करून दिली. त्याच पावसात पलीकडे अंबा नदीने जांभुळपाडा धुऊन नेला. नंतर चिखल काढला गेला, यंत्रं पुसली गेली आणि नदी पुन्हा कारखान्यांच्या नळात गेली.

आता या नदीकाठी एखाद्या परिसरशास्त्रज्ञाला उभं करा आणि विचारा, हिचा नैसर्गिक प्रवाह किती? बिचारा काय सांगेल? टाटांच्या आधीचा धरायचा तर उन्हाळ्यात जवळपास शून्य. आजचा धरायचा तर तो वीजघराच्या वेळापत्रकावर चालतो. घाटावरून अधूनमधून मागणी होते की भीमेचं पाणी भीमेच्याच खोऱ्यात राहू द्या, सोलापूरची तहान आधी भागवा. मागणी न्याय्य वाटते, आणि निसर्गाच्याही बाजूची वाटते, कारण पाणी आपल्या मूळ वाटेने जाईल. पण ती मान्य झाली तर आपट्याखालची नदी, तिच्यातला मासा, तिच्यावर रुजलेली काठची झाडी यांचं काय करायचं? शंभर वर्षांत इथे एक नवी परिसंस्था उभी राहिली आहे, तिची जन्मकथा कितीही राजकीय असो. अशा ठिकाणी शास्त्रज्ञ तोंड उघडतो तेव्हा तो राजकारणात शिरत नाही. तो आधीपासूनच त्यात गुडघाभर उभा असतो.

हे मला पटायला वेळ लागला. आमच्या पिढीच्या डोक्यात चित्र असं होतं की शास्त्रज्ञ मोजतो, पुढारी ठरवतो आणि मोजणाऱ्याने ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. चित्र नीटनेटकं आहे. पण नदीचं पाणी तपासायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो नमुना कुठून घ्यायचा हा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची या नदीवर नमुने घेण्याची ठरलेली ठिकाणं आहेत; खोपोलीजवळ आहेत, औद्योगिक महामंडळाच्या पाणीपुरवठ्याजवळ आहेत, खाली मुंबई-गोवा रस्त्यावरच्या खारपाड्याच्या पुलाशी आहेत. खारपाड्याला भरतीचं पाणी वर येतं. ओहोटीला बाटली बुडवली तर एक नदी सापडते, भरतीला बुडवली तर दुसरी. सकाळी अकरा वाजताची नदी वेगळी आणि रात्री दोन वाजता, जेव्हा तपासायला कोणी येत नाही, तेव्हाची वेगळी. शिवाय बाटलीत मोजायचं काय? आपल्याकडे नदीचं आजारपण मुख्यतः बीओडीवर ठरतं, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्यावर. लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर आंघोळीला चालेल, ३०च्या वर गेला तर नदी प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत पहिल्या वर्गात. सांडपाण्यासाठी ही उत्तम मोजपट्टी. पण अ‍ॅनिलीनसारखं रसायन, जड धातू, कारखान्यातून सुटलेलं कोमट पाणी, यांच्यापुढे ती मुकी होते. उलट विष जास्त असेल तर जिवाणूच मरतात आणि बीओडी सभ्य दिसू लागतो. कुठे, केव्हा, काय मोजायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं. त्या ठरवण्याला राजकारण म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

आपट्याच्या खालच्या अंगाला एक कातकरी म्हातारा पागेरं झटकत बसला होता. त्याला विचारलं, काका, पाणी कसं आहे हल्ली? माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहत तो म्हणाला, "तुमी बाटलीवालं का?" नाही म्हटल्यावर मोकळा झाला. पाणी बिघडलं की आधी बारका मासा कडेला येतो, तोंड वर करून घोटघोट करतो. मग शिंगाळी उलटी होते. मग दोनतीन दिवसांनी साहेब लोक येतात आणि बाटली भरून नेतात. "तवर पाणी गेलेलं असतंय खाडीला," तो म्हणाला. यात तक्रारीचा सूर फारसा नव्हता. रोज गाडी उशिरा येते हे सांगावं तितक्या सहजपणे त्याने ते सांगितलं.

त्या माणसाच्या बोलण्यात एक अख्खी संशोधनपद्धत होती. माशांच्या वागण्यावरून पाण्याची प्रत ओळखणं ही काही खुळी समजूत नव्हे. जगभर प्रयोगशाळांमध्ये मासे टाकीत सोडून हेच करतात. त्याला वलगणही ठाऊक होती. पहिल्या जोरदार पावसात ओढे भरून वाहू लागले की मासे नदी सोडून उलट चढतात, शेतात, डबक्यात, गुडघाभर पाण्यात अंडी घालायला येतात, आणि रायगडभर पोरंटोरं टोपल्या, कांबळी, मच्छरदाण्या घेऊन शेतांत उतरतात. वलगणीचा मासा खाणं हा इथला सण आहे. पण त्यातली जीवशास्त्राची गोष्ट अशी की माशाला नदी पुरत नाही; त्याला नदी आणि शेत यांच्यातली उघडी वाट लागते. भराव घालून रस्ता उंच केला, ओढ्याला सिमेंटची नळी घातली, कुंपणाची भिंत उभारली की वाट तुटते. पाण्याचा बीओडी कितीही गोंडस असो, पुढच्या वर्षी मासा नाही. नदी तपासणाऱ्या एकाही तक्त्यात वलगणीचा रकाना मी पाहिलेला नाही.

आपटा जगाला ठाऊक आहे ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. १९९५च्या त्या गाजलेल्या हिंदी सिनेमात नायिका धावत्या गाडीकडे हात पुढे करून पळते तो फलाट आपट्याचा. अजूनही हौशी मंडळी फोटो काढायला येतात. त्याच फलाटावरून मान वळवली तर कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि त्याच्या पायथ्याचं जंगल. १९६८ साली ते पक्षी अभयारण्य झालं. जूनमध्ये तिथे तिबोटी खंड्या येतो, ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. मुठीत मावेल एवढा पक्षी, पण त्याच्यासाठी पहाटे पहाटे लावलेल्या भिंगांची रांग मोठी असते. मला पक्ष्याचा राग नाही, छायाचित्रकारांचाही थोडाच आहे. पण डोंगराच्या अलीकडे देखण्या पक्ष्याला शंभर साक्षीदार आणि पलीकडे उलट्या झालेल्या शिंगाळीला एक कातकरी म्हातारा, ही वाटणी कधीकधी खटकते. निसर्गप्रेमाचंही आपलं एक राजकारण असतं. ते रूपावर भाळतं.

अर्थात रूप नसलेल्यांच्या बाजूनेही शास्त्रज्ञ जिंकले आहेत, आणि जिंकले ते गिधाडांसाठी. नव्वदच्या दशकात देशातली गिधाडं बघता बघता नाहीशी झाली. राजस्थानात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश वर्षानुवर्षं घरटी मोजत होते, म्हणून निदान ती संपत चालल्याचं कळलं तरी. कारण मात्र कळेना. कोणी रोग म्हणालं, कोणी कीटकनाशक. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून उत्तर आलं: डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर देतात ते साधं स्वस्त औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं. दोन वर्षांत, २००६ साली, सरकारने जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, त्या २०१५ साली बंद केल्या. २०२३ साली अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन यांवरही जनावरांपुरती बंदी आली. आमच्या जिल्ह्यात म्हसळ्याकडे चिरगावच्या झाडांवर गिधाडांची घरटी टिकून आहेत, त्यामागे गावकऱ्यांचं आणि महाडच्या पक्षिमित्रांचं काम आहे आणि या बंदीचाही वाटा आहे.

ओझोनच्या भोकाची गोष्टही अशीच. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या मोजमापांतून भोक दिसलं, १९८७ साली माँट्रियलला करार झाला. शास्त्र बोललं आणि राजकारणाने ऐकलं. ही उदाहरणं परिषदांमध्ये फार आवडीने दिली जातात. मला त्यात एक खोच दिसते. डायक्लोफेनॅकच्या जागी मेलॉक्सिकॅम होतं. शीतकपाटातल्या वायूच्या जागी दुसरा वायू येऊ घातला होता. कोणाची जमीन जात नव्हती, कोणाचं धरण थांबत नव्हतं. एका बाटलीऐवजी दुसरी बाटली ठेवायची होती. शास्त्रज्ञाचा शब्द जमिनीला भिडत नाही तोवर चालतो. सात-बारापाशी आला की अडतो.

माधव गाडगीळ सात-बारापाशी गेले. धनंजयराव गाडगिळांचे चिरंजीव, पुण्याचे, हार्वर्डला शिकलेले. सत्तरच्या दशकात परत येऊन वा. द. वर्तकांच्या सोबतीने सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करणारे. कर्नाटकात त्यांनी बांबूचा अभ्यास केला. कागद गिरणीला सरकार बांबू देत होतं टनाला दीड रुपया अशा भावाने, आणि बुरुडाला तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. त्या कामातला एक तपशील मला फार आवडतो. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. ते साफ केलं की बेट जोमाने वाढेल असं अधिकाऱ्यांचं शास्त्र सांगत होतं. गावकरी सांगत होते, काटे काढलेत तर कोवळे कोंब गुरं आणि रानातली जनावरं खाऊन टाकतील. गाडगिळांनी बेटं मोजली, कोंब मोजले आणि गावकऱ्यांचं खरं निघालं. पुढच्या सगळ्या गाडगिळांचं मूळ मला त्या काट्यांत दिसतं. शास्त्रज्ञाने लोकांची बाजू घेतली असं तिथे झालं नाही. लोकांचं म्हणणं त्याने तपासण्याजोगं विधान म्हणून घेतलं आणि अधिकाऱ्यांचंही तसंच घेतलं.

२०१० साली तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी पश्चिम घाटासाठी समिती नेमली, गाडगीळ अध्यक्ष. समितीने गुजरातेच्या टोकापासून कन्याकुमारीकडल्या टोकापर्यंतच्या सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरवर चौकोन आखले, साधारण नऊ किलोमीटरचा एक, असे बावीसशेच्या आसपास, आणि त्यांचे संवेदनशीलतेनुसार तीन वर्ग केले. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल मंत्रालयाला दिला. मंत्रालयाने तो कपाटात ठेवला. केरळातल्या एका कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात मागितला, केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधींनी द्यायला सांगितला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, आणि २०१२च्या मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. लोकांच्या पैशाने, लोकांच्या डोंगरांबद्दल लिहिलेला कागद लोकांना मिळावा म्हणून न्यायालयात जावं लागतं, यापेक्षा वेगळी टीका मला करायची गरज वाटत नाही.

अहवालात घाबरण्यासारखं काय होतं? वाचणाऱ्याला वाटेल खाणी, धरणं, रासायनिक कारखाने यांवरची बंधनं. ती होतीच; चिपळूणजवळच्या लोटे-परशुरामच्या कारखान्यांनी खाडीची काय गत केली आहे हेही त्यात नाव घेऊन लिहिलेलं होतं. पण माझ्या मते खरी धास्ती दुसऱ्या गोष्टीची होती. हे चौकोन म्हणजे आमचा कच्चा प्रस्ताव, तो मातृभाषेत गावोगाव न्या, ग्रामसभांत चर्चा करा आणि मग हद्दी ठरवा, असं समितीचं म्हणणं होतं. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी तर आपण होऊन ठराव केले होते की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, आम्हाला खाणी नकोत. म्हणजे निर्णयाची जागा मुंबई-दिल्लीहून हलून सावंतवाडी-दोडामार्गच्या देवळाच्या ओट्यावर जाणार होती. हे कोणत्या पक्षाला परवडेल?

मग झालं ते सर्वांना माहीत आहे. गावात गेलेली बातमी अशी होती की घराला रंग लावायलाही परवानगी लागेल, गुरं पाळता येणार नाहीत, लोकांना उठवणार. सरकारी संकेतस्थळावर टाकलेला मराठी सारांश मुद्दाम विपर्यस्त केलेला आहे अशी तक्रार खुद्द गाडगिळांनी जाहीरपणे केली. इंग्रजीतली पाचशेहून जास्त पानं आणि मराठीतली अफवा यांच्या शर्यतीत काय होणार? या बाबतीत मी शास्त्रज्ञांनाही सहजी सोडणार नाही. अहवाल लिहिणाऱ्याचं काम शेवटच्या पानावर संपतं हे विज्ञानाच्या जगात चालतं. जिथे लोकांच्या शेतावर रेघ ओढली जाते तिथे चालत नाही. गाडगिळांना हे पुरतं कळत होतं, ते मराठीत लिहीत होते, गावात जाऊन बोलत होते. पण एकटा माणूस किती गावं करणार? बाकीची प्राध्यापक मंडळी कुठे होती? बहुतेक जण पुढच्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहीत होते. तोही इंग्रजीत.

ऑगस्ट २०१२ मध्ये दुसरी समिती आली, अवकाशशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांची. तिने उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाची दोन भागांत विभागणी केली: माणसांच्या वस्तीचा, शेतीबागांचा मुलूख एका बाजूला आणि नैसर्गिक मुलूख दुसऱ्या बाजूला, आणि नैसर्गिकातला समृद्ध भाग, म्हणजे एकूण घाटाचा सुमारे ३७ टक्के, संवेदनशील ठरवायला सांगितला. २०१३ साली अहवाल आला, त्यावर गाडगिळांनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं. पत्राचा गाभा असा की लोकांना निर्णयातून वगळून निसर्ग वाचवणं आम्हाला मान्य नव्हतं, आणि माणसांनी घडवलेल्या मुलखात निसर्ग नसतो हे तर त्याहून मान्य नव्हतं.

हे भांडण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते शास्त्रज्ञ विरुद्ध पुढारी असं नव्हतं, दोन शास्त्रज्ञांचं होतं. दोघेही प्रामाणिक, दोघांकडेही आकडे. एकाने विचारलं, हिरवं कुठे आहे? दुसऱ्याने विचारलं, तिथे कोण राहतं आणि त्यांना काय वाटतं? आपट्यावरून उपग्रह गेला तर त्याला कर्नाळ्याचा हिरवा ठिपका दिसेल, मध्ये भाताची खाचरं, मग कारखान्यांची छपरं. वलगणीच्या वाटा दिसणार नाहीत. तो कातकरी म्हाताराही दिसणार नाही. आणि नदी म्हणून जी निळी रेघ दिसेल ती टाटांनी ओढलेली आहे, हे चित्रात कुठे लिहिलेलं असणार?

२०१४ पासून केंद्राने अधिसूचनेचे मसुदे काढायला सुरुवात केली. मसुद्याची मुदत संपते, राज्यं हरकती घेतात, नवा मसुदा निघतो. सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. त्यात ५६,८२५ चौरस किलोमीटर प्रस्तावित आहेत, पैकी महाराष्ट्राचे १७,३४०. मसुद्यांची ही मालिका पाहिली की वाटतं, प्रस्ताव फेटाळण्याची सगळ्यांत सभ्य रीत म्हणजे तो पुन्हा पुन्हा मांडणं.

दरड कोसळली की गाडगिळांचं नाव निघतं हे एक ठरून गेलं आहे. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी, मग वायनाड. इर्शाळवाडी आपट्यापासून फार लांब नाही; इर्शाळगडाचं टोक या भागातून कुठूनही ओळखू येतं. १९ जुलैच्या रात्री ठाकरांची ती वाडी डोंगराखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. सरकारने सांगितलं की दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. दुसऱ्या बाजूने लोक म्हणाले, गाडगिळांनी आधीच सांगितलं होतं.

मला दोन्ही वाक्यांचा त्रास झाला. गाडगीळ समितीचा अहवाल म्हणजे दरडींचा नकाशा नव्हे. अमुक वाडीवर अमुक पावसाळ्यात कडा येईल असं त्यात कुठेही नाही, आणि इर्शाळवाडीच्या माथ्यावर ना खाण होती ना रिसॉर्ट. तीव्र उतार, कुजलेल्या बेसॉल्टवर मातीचा थर आणि त्यात मुरलेला अतोनात पाऊस, एवढं तिथे पुरलं. शास्त्रज्ञाला द्रष्टा करून टाकलं की त्याचा अहवाल वाचायची जबाबदारी संपते. फक्त दर जुलैला त्याच्या फोटोखाली दोन ओळी लिहायच्या. आणि सरकारचं वाक्य तर त्याहून धूर्त. यादी भूवैज्ञानिकांची, म्हणजे चूक यादीची. ज्या वाडीला रस्ता नव्हता तिथे यादी करणारा तरी कितीदा गेला असेल? शास्त्राचा आडोसा हा राजकारणाला आवडणारा शास्त्राचा सर्वांत मोठा उपयोग आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

आडोसा विकतही मिळतो. कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागतो. तो करून देणाऱ्या सल्लागाराचे पैसे देतो प्रकल्पवालाच. त्यातून काय निपजतं याचा आमच्या कोकणात एक नमुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं नोंदवलेली निघाली. रशियातल्या खाणीच्या अहवालातून उतारे जसेच्या तसे उचलले होते. २००७ साली ते उघडकीला आलं. काजू-आंब्याच्या मुलखात बर्चची जंगलं! हसू येतं, पण हे लिहिणारा कोणी अडाणी नव्हता. त्याच्याकडेही पदवी होती, कदाचित परिसरशास्त्राचीच. शास्त्रज्ञांचं राजकारण म्हटलं की आपण आंदोलनात उतरणारे चारदोन जण आठवतो. टेबलाशी बसून अहवाल रांगेने पुरे करणारे शेकडो जण आठवत नाहीत, आणि निर्णय तर त्यांच्याच कागदांवर होतात.

याच्या उलट टोकाचं एक उदाहरण आपट्याच्या खालीच, पेणच्या बाजूला आहे. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली हजारो हेक्टर जमीन जाणार होती. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावचे शेतकरी उभे राहिले, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. सेझ बारगळलं. मला त्या लढ्यात आठवतं ते खारेपाटातल्या शेतकऱ्यांचं बोलणं. खाडीच्या बांधाची कुठली उघाडी फुटली तर कुठवर खारं पाणी येईल, भराव टाकला तर पावसाचं पाणी कोणत्या गावात तुंबेल, हे बायका सभेत उभ्या राहून सांगत होत्या. किनारी जलशास्त्राचा तो उत्तम पाठ होता. एखाद्या शास्त्रज्ञाने शेजारी बसून ते सगळं नकाशावर उतरवलं असतं तर पुढच्या भरावांच्या वेळी, आणि भराव तर थांबलेले नाहीत, ते हातात असतं.

तशी सोय कायद्यात आहे, हेही नमूद करायला हवं. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. नोंदवहीची कल्पना मूळ गाडगिळांचीच. पंधरासोळा वर्षं बहुतेक ठिकाणी काही झालं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, दंडाचा धाक दाखवला, आणि राज्यभर नोंदवह्यांचा पूर आला. हजारो गावांच्या वह्या काही महिन्यांत कशा तयार होतात हे सांगायला नको. आंबा, जांभूळ, वड, पिंपळ, चिमणी, कावळा. त्या वहीत वलगण कुठल्या ओढ्याने चढते, दरडीवर भेगा कुठे दिसतात, पाणी बिघडल्याचं पहिल्यांदा कोणाला कळतं, हे यायला हवं होतं. ते लिहायला शास्त्रज्ञाला गावात आठ दिवस राहावं लागतं, आणि त्याचा शोधनिबंध होत नाही.

ग्रामपंचायतीच्या फलकावर घरपट्टी थकवणाऱ्यांची नावं लागतात, लसीकरणाची तारीख लागते, रोजगार हमीची कामं लागतात. पाताळगंगेच्या काठावरच्या ग्रामपंचायतींनी त्याच फलकावर वरच्या आणि खालच्या दोन्ही ठिकाणांचे पाण्याचे आकडे दर महिन्याला लावून घ्यावेत, मराठीत, नमुना घेतल्याच्या वेळेसकट. शेजारी एक रिकामा रकाना ठेवावा, गावकऱ्यांनी मेलेला मासा कधी पाहिला ते लिहिण्यासाठी. पनवेलच्या एखाद्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या विभागाने दर महिन्याला येऊन दोन्ही रकाने ताडून पाहिले तर वर्षभरात कोणत्याही समितीला पुरेल इतकं साहित्य जमेल. त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना मंत्र्याची सही. काही अधिकाऱ्यांना ते आवडणार नाही, एखाद्या कारखान्याचा माणूस सरपंचांना भेटायला येईल, आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांना कुठून तरी फोन जाईल. त्या फोननंतर पुढच्या महिन्यात प्राध्यापक बाई पुन्हा आपट्याची गाडी पकडतात का, ते पाहावं लागेल.